शिरगणती हवी, पण कोणती?

ठाकुर्लीच्या फलाटावर सकाळच्या लोकलची वाट पाहणाऱ्या गर्दीत विद्यार्थीही असतात. त्यांतील एखादी मुलगी सुमारे पन्नास किलोमीटरांचा प्रवास करून मुंबईच्या धोबी तलावावरील सेंट झेवियर्स कॉलेजात पोचली, तर सरकारदरबारी तिची नोंद लिंग, प्रवर्ग आणि अल्पसंख्यत्व या रकान्यांत होईल. तिच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी ती पहिलीच आहे काय, तिची शाळा मराठी होती की इंग्रजी, हे त्या तक्त्यात कोठेही उमटणार नाही.

कॉलेजात कोण शिकते, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. जेझुइट धर्मगुरूंनी 1869 साली झेवियर्सची स्थापना केली. त्यानंतर तेराच वर्षांनी, 1882 साली, महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे विचारले होते की, रयतेच्या घामातून जमणारा पैसा वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावरच का खर्च व्हावा? सरकारी अनुदान घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला हा प्रश्न आजही लागू आहे.

घटनेच्या 30 व्या कलमाने अल्पसंख्यांना आपल्या शिक्षणसंस्था चालविण्याचा अधिकार दिला. 2005 सालच्या 93 व्या घटनादुरुस्तीने खाजगी संस्थांत राखीव जागांचा मार्ग मोकळा केला, तोही अल्पसंख्य संस्था वगळून. या अधिकाराला आमचा विरोध नाही. परंतु जेथे कायद्याची सक्ती नाही, तेथे सद्‌सद्विवेकाची जबाबदारी अधिक असते. आपल्या वर्गांत कोण आहे आणि कोण नाही, हे अशा संस्थांनी आपण होऊन समाजापुढे मांडले पाहिजे.

सरकारी मोजणी याबाबत अपुरी आहे. 2010-11 पासून होणाऱ्या उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीत धर्माचे रकाने दोनच: मुसलमान आणि इतर अल्पसंख्य. वसईचा ख्रिस्ती शेतकरी, गोव्याहून आलेले सुखवस्तू कुटुंब आणि नगरकडील दलित ख्रिस्ती यांची मुले एकाच रकान्यात बसतात. त्यातही 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा केवळ हिंदूंना दिला. 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. सरकारी तक्त्यात न दिसणारा हा विद्यार्थी निदान चर्चच्या कॉलेजाच्या नोंदीत तरी दिसावा, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

जात विचारली की जात पक्की होते, असा आक्षेप घेतला जातो. फलकावर नावापुढे प्रवर्ग छापून मुलांना डागण्यात येत असेल, तर तो आक्षेप शंभर टक्के खरा आहे. परंतु नावे गुप्त ठेवून एकूण आकडे प्रसिद्ध केल्याने कोणाचाही अवमान होत नाही. झाकून ठेवलेल्या विषमतेनेच तो होतो.

मोजणी प्रवेशाच्या दिवशी संपूही नये. पहिल्या वर्षी किती आले, तिसऱ्या वर्षापर्यंत किती टिकले, मध्येच कोण गळाले आणि का, हे विचारल्याखेरीज विविधतेच्या आकड्यांना अर्थ नाही. कोणी इंग्रजीच्या धास्तीने गळतो, कोणी वसतिगृहावाचून, कोणी रोजच्या रेल्वेप्रवासाने थकून. प्रवेशाच्या यादीत ठाकुर्लीच्या मुलीचे नाव आले म्हणून कॉलेजने धन्यता मानू नये. पदवीच्या यादीतही ते असले पाहिजे.