होय, परत तोच गेम

चारबाग स्टेशन वरून पाहिलं तर बुद्धिबळाचा पट मांडल्यासारखं दिसतं, असं लखनौत नव्याने आलेल्या माणसाला कोणी ना कोणी सांगतंच. मी बदलीवर आलो त्या पहिल्याच आठवड्यात मला तिघांनी सांगितलं. १९१४ साली पायाभरणी झालेल्या या लाल-पांढऱ्या इमारतीसमोर जमिनीवर उभं राहिलं तर पट काही दिसत नाही, रिक्षांची गर्दीच दिसते. पण शहराला ही उपमा आवडते. आवडणारच. बुद्धिबळापायी बदनाम झालेलं हे शहर आहे.

ती बदनामी प्रेमचंदांनी १९२४ साली ‘शतरंज के खिलाड़ी’ या गोष्टीत कायमची लिहून ठेवली. मिर्झा सज्जाद अली आणि मीर रोशन अली हे दोन जहागीरदार दिवसरात्र पटावर. घरात कटकट होते म्हणून गोमतीपलीकडच्या एका पडक्या मशिदीत जाऊन बसतात. इंग्रजांची फौज समोरून शहरात शिरते, वाजिद अली शाहला पकडून नेते, आणि हे दोघे पुढची खेळी शोधत राहतात. शेवटी एका डावावरून तलवारी उपसतात आणि दोघेही मरतात. राजासाठी रक्ताचा थेंब नाही सांडला, वजिरासाठी जीव दिला.

ही गोष्ट सध्या माझ्याविरुद्ध हत्यार म्हणून वापरली जाते. कारण मी गेली वीसेक वर्षं, जिथे जिथे वीज आणि लॅपटॉप आहे तिथे, ‘एज ऑफ एम्पायर्स २’ खेळतो. गेम १९९९चा. आमच्या मेसमधले तरुण कॅप्टन हसतात. “सर, परत तेच? लखनौचा नवाब झालात तुम्ही!” मग यादी सुरू होते: अमुक गेम आलाय, तमुक तर खेळायलाच हवा, आणि सेलमध्ये घेतलेले एवढे गेम पडून आहेत ते संपवणार कधी?

हे एकट्या मेसचं मत असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण हे मत आता सगळीकडे आहे. जुना गेम पुन्हा लावणं म्हणजे आळस, डबक्यात बसणं, वय झाल्याचं लक्षण. नवा गेम सुरू करणं म्हणजे जिज्ञासा, तारुण्य, प्रगती. मला हे मत चुकीचं वाटतं, आणि फौजी माणसाने तर ते अजिबात मान्य करू नये असं वाटतं.

आधी त्या ढिगाचं बघू. न खेळलेल्या गेमच्या ढिगाला इंग्रजीत बॅकलॉग म्हणतात. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगच्या पोरांना हा शब्द चांगला माहीत आहे. राहिलेला पेपर म्हणजे बॅकलॉग, आणि तो सुटेपर्यंत घरात तोंड दाखवायची सोय नाही. मराठीत आपण अनुशेष म्हणतो. अनुशेष सिंचनाचा असतो, रस्त्यांचा असतो, रिकाम्या पदांचा असतो. विदर्भाच्या माणसाला विचारा, अनुशेष ही किती गंभीर गोष्ट आहे. हा शब्द करमणुकीला कोणी लावला? ज्याला गेम विकायचे आहेत त्याच्या हे फारच सोयीचं आहे. आधी ऐंशी टक्के सूट देऊन गेम गळ्यात मारायचा, मग तो न खेळल्याबद्दल तुम्हालाच अपराधी वाटायला लावायचं.

माझ्या खात्यातही असे पंचवीसेक गेम आहेत. त्यांचं मला काडीचंही ओझं वाटत नाही. घरातल्या कपाटात न वाचलेली पुस्तकं असतात म्हणून कोणी तुकारामांची गाथा पुन्हा उघडणाऱ्याला हटकत नाही. आणि माझ्यासारखे फार आहेत. स्टीम या गेम विकणाऱ्या सर्वांत मोठ्या दुकानाने २०२४ सालचा हिशेब स्वतःच मांडला होता. लोकांनी त्यावर गेम खेळण्यात जो वेळ घालवला, त्यातला जेमतेम १५ टक्के वेळ त्या वर्षी आलेल्या गेमवर गेला. ३७ टक्के वेळ आठ वर्षं किंवा त्याहून जुन्या गेमवर गेला. म्हणजे नव्याचा गाजावाजा कितीही असो, लोक संध्याकाळी घरी येऊन जुन्याच अंगणात खेळतात.

आता आळसाचा आरोप. खडकवासल्याला प्रबोधिनीत तीन वर्षं काढलेल्या माणसाला पुनरावृत्ती म्हणजे आळस हे कोणी पटवून दाखवावं. ड्रिल स्क्वेअरवर तेच पाऊल किती हजार वेळा आपटलं, याचा हिशेब कोणाकडे आहे? रायफल खोलायची, जोडायची, परत खोलायची. डोळ्यांवर पट्टी बांधून खोलायची. सँड मॉडेलवर तीच टेकडी, तोच नाला, तीच वाट, आणि दर वेळी उस्तादाचा नवा प्रश्न: आता शत्रू डावीकडून आला तर? टेकडी बदलत नाही, बघणारा बदलतो. पहिल्या वेळी माणूस फक्त वाट शोधत असतो. वाट पाठ झाल्यावर डोकं रिकामं होतं, आणि मग खरा विचार सुरू होतो.

याचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उदाहरण १९४२चं आहे, इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचं. जर्मन पाणबुड्या अटलांटिकमध्ये ब्रिटनची मालवाहू जहाजं एकामागून एक बुडवत होत्या. तेव्हा गिल्बर्ट रॉबर्ट्स नावाच्या नौदल अधिकाऱ्याला परत बोलावण्यात आलं. माजी सैनिक वाचकांनी इथे लक्ष द्यावं: क्षयरोगामुळे याला १९३८ साली सेवेतून घरी पाठवलं होतं. त्याला एका इमारतीतले वरचे मजले आणि नौदलाच्या महिला दलातल्या तरुण मुली मिळाल्या. त्यांनी लिनोलियमच्या फरशीवर खडूने समुद्र आखला आणि घडून गेलेल्या लढाया खेळायला सुरुवात केली. तोच काफिला, तोच हल्ला, परत परत. तसं खेळतानाच त्यांच्या लक्षात आलं की पाणबुडी बाहेरून मारा करत नाही, रात्री पृष्ठभागावर येऊन मागून काफिल्याच्या रांगांमध्येच शिरते. त्यावरून त्यांनी ‘रास्पबेरी’ नावाचा प्रतिडाव बसवला. युद्ध संपेपर्यंत सुमारे पाच हजार अधिकारी त्या फरशीवरून शिकून गेले. रोज नवीन खेळ मांडायचा हट्ट धरला असता तर हे सापडलं नसतं.

माझा गेम युद्ध जिंकून देतो असा माझा दावा नाही. तो खेळच आहे. पण पुन्हा खेळणाऱ्याच्या डोक्यात काही चालत नाही, हे खोटं आहे. आपल्या पिढीने टीव्हीला जोडून कॅसेटवर खेळलेला मारिओ आठवा. तो १९८५चा. जगभर लोक आजही तो लवकरात लवकर संपवण्याची शर्यत लावतात, आणि ४ मिनिटं ५५ सेकंदांची भिंत फुटायला २०२१ साल उजाडावं लागलं. छत्तीस वर्षं त्याच पाइपांवरून उड्या मारूनही त्यात शोधायचं काहीतरी उरलं होतं.

बुद्धिबळाचं तर विचारूच नका. चौसष्ट घरं, बत्तीस मोहरे, आणि आजचे नियम साधारण पाचशे वर्षांचे. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५च्या जुलैमध्ये, एकोणीस वर्षांची असताना, जॉर्जियातल्या बातुमीत महिलांचा विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली. तिला कोणी विचारलं का, “पोरी, परत तेच?”

आता परत लखनौच्या त्या दोन नवाबांकडे. त्यांचा गुन्हा खरा आहे. पण तो काय होता, हे आमचे कॅप्टन साहेब नीट वाचत नाहीत. सत्यजित राय यांनी १९७७ साली या गोष्टीवर सिनेमा काढला आणि शेवट बदलला. सिनेमात दोघं मरत नाहीत. भांडतात, पिस्तूल सुटतं, गोळी दंडाला चाटून जाते, फौज समोरून निघून जाते, आणि मग दोघं पुन्हा पट मांडतात. पण कसा? इंग्रजी नियमांनी! वजिराच्या जागी राणी, प्यादं पहिल्या चालीत दोन घरं, डाव झटपट. म्हणजे अवध हातचं गेल्यावर हे महाशय कधी न खेळलेला नवा गेम सुरू करून बसले. नवेपणाने त्यांना वाचवलं का? उलट रायांनी त्यातच त्यांची खरी हार दाखवली.

राज्य बुडत असताना खेळणं हा गुन्हा. खेळ जुना की नवा, याने त्यात तसूभर फरक पडत नाही. कर्तव्य टाळायचं असेल तर नवा गेम जास्त सोयीचा, कारण तो ऐंशी तास मागतो आणि सोडवत नाही. जुना गेम माणूस बिगुल वाजला की जागेवर ठेवून उठतो. पुढे काय आहे ते त्याला ठाऊक असतं.

विरोधी बाजूचा एक मुद्दा मात्र मी गांभीर्याने घेतो. काही लोकांना नव्याची भीती वाटते, आणि जुन्याला चिकटणं हे त्या भीतीचं रूप असतं. निवृत्तीनंतर ही भीती जास्त दिसते. पंचवीस वर्षं हुकूम दिलेला माणूस बँकेच्या ॲपसमोर अडखळतो, नव्या नोकरीत आपल्यापेक्षा वीस वर्षांनी लहान साहेबाला विचारायला लाजतो. ही भीती मोडायलाच हवी. पण ती बँकेत जाऊन मोडा, नोकरीत जाऊन मोडा. संध्याकाळच्या करमणुकीत तिची परीक्षा कशाला घेता? नवा गेम संपवून कोणी धाडसी झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

आणि फौजी घराला नवेपणाचा डोस कमी पडतोय असं कोणाला वाटत असेल, तर त्याने एकदा बदलीच्या महिन्यात आमच्याकडे यावं. दर दोन-तीन वर्षांनी नवं गाव, नवं क्वार्टर, नवी शाळा, नवा दूधवाला. काळ्या पेट्यांवर आधीच्या चार स्टेशनांची नावं खोडून पाचवं लिहायचं. माझा मुलगा दहावीपर्यंत सहा शाळा फिरला. प्रत्येक वर्गात तो ‘नवीन मुलगा’ होता. अशा घरात एखादी गोष्ट तशीच राहिली, तर तिला डबकं म्हणू नये. ती आमची गावाकडची विहीर आहे. बाकी जनतेला गावात घर असतं, कोपऱ्यावर तीस वर्षांचा ओळखीचा वाणी असतो. आम्हाला एक जुना गेम असू द्या.

मुलगा आता पुण्यात शिकतो. मी इथे. मध्ये पुष्पक एक्सप्रेस, रजेचा अर्ज आणि एक आख्खी रात्र. फोनवर बाप-लेकाचं संभाषण किती चालतं, हे सगळ्या बापांना माहीत आहे. जेवलास का, हो. अभ्यास, चालू आहे. आईला दे. पण दर रविवारी रात्री नऊला आम्ही दोघं त्याच गेममध्ये, ‘अरेबिया’ नावाच्या त्याच नकाशावर समोरासमोर येतो. तीन गावकरी, एक घोडेस्वार, थोड्या मेंढ्या. नियम दोघांनाही पाठ असल्यामुळे तोंड मोकळं राहतं. रानडुक्कर ओढून आणता आणता त्याने मला हॉस्टेलमधलं भांडण सांगितलं आहे. लाकडं तोडता तोडता कोणत्या शाखेला जायचं नाही, हेही सांगितलं आहे. नवा गेम घेतला असता तर आम्ही दोघंही बटणं शोधत बसलो असतो.

तेव्हा मंडळी, आणि विशेषतः निवृत्त मंडळी, कोणी टोकलं म्हणून जुना गेम पुसू नका. ढीग आहे तिथे असू द्या. तो काही मागत नाही. आपल्या माणसाने हात धरून नव्या खेळाला बोलावलं तर खुशाल जा, माणसासाठी जा. पण कोणाच्या यादीतला रकाना भरायला जाऊ नका. आणि ड्यूटीची वेळ झाली की जुना असो वा नवा, डाव तिथेच सोडून उठा. लखनौच्या त्या दोघांकडून शिकायचं ते एवढंच.

गेले तीन रविवार मुलगा जिंकतोय. चौथ्या रविवारी मी त्याच नकाशावर हजर असेन.

जय हिंद.