उसने मागण्याइतकी ओळख

रमजान हा देण्याचा महिना, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. जकात, फितरा, रोजेदाराला इफ्तार, शेजारच्या घरी झाकून पाठवलेले ताट, हे सगळे देणेच आहे. नागपूरच्या मिश्र वस्त्यांत ईदला शीरखुर्मा जातो, दिवाळीला फराळाचे ताट येते. ही रीत चांगली आहे, ती टिकली पाहिजे. पण ज्या शेजाऱ्याला आपण दरवर्षी शीरखुर्मा पाठवतो, त्याच्याकडे शेवटचे काही मागितले केव्हा? विरजण, शिडी, तासाभरासाठी स्कूटर? बहुतेक घरांत हे चटकन आठवणार नाही.

द्यायला सगळे तयार असतात, मागायला मात्र जीव कचरतो. देणारा मनातल्या मनात एक पायरी वर उभा असतो, तर मागणाऱ्याला ती पायरी उतरावी लागते. म्हणून सणाच्या ताटांची ये-जा वर्षानुवर्षे चालते आणि नाते उंबऱ्याशीच थांबते. त्यात आता दहा मिनिटांत सामान दारात आणून देणारी ॲप आली. साखर संपली तरी शेजारची बेल वाजवावी लागत नाही. सोय वाढली, पण बेल वाजवण्याचे निमित्त गेले.

कुरआनमधील १०७वी सूरह 'अल्-माऊन' या नावाने ओळखली जाते. ती अवघ्या सात आयतींची आहे. अनाथाला ढकलून लावणारे, भुकेल्याला जेवू घालण्यास इतरांना प्रवृत्त न करणारे आणि दिखाव्यासाठी नमाज पढणारे यांची तिच्यात कडक शब्दांत हजेरी घेतली आहे. सूरह संपते ती 'माऊन' नाकारणाऱ्यांवर. काही भाष्यकारांनी माऊनचा अर्थ जकात असा केला आहे. पण पुष्कळांनी केलेला अर्थ अगदी घरगुती आहे : भांडे, बादली, कुऱ्हाड अशा शेजारीपाजारी एकमेकांकडून मागून नेतात त्या वस्तू. दिखाऊ नमाजाच्या जोडीला उसनी बादली नाकारण्याचा दोष ठेवला आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. शेजारी मागायला येणार, हे त्यात गृहीतच धरले आहे. कुणी मागितलेच नाही, तर माऊन देणार कोणाला?

इस्लाम मागण्याला उत्तेजन देत नाही, असा आक्षेप यावर येऊ शकतो आणि तो खोटा नाही. देणारा वरचा हात घेणाऱ्या खालच्या हातापेक्षा चांगला, ही पैगंबर मुहम्मद यांची शिकवण प्रसिद्ध आहे. पण तिचा रोख आहे तो कष्ट टाळून लोकांपुढे हात पसरण्यावर. मदिनेतील एक प्रसंग हा फरक नेमका दाखवतो. मक्केतील घरदार सोडून आलेल्या अब्दुर्रहमान बिन औफ यांना मदिनेच्या साद बिन रबी यांचे भाऊ म्हणून जोडून दिले गेले. साद यांनी आपली निम्मी संपत्ती देऊ केली. अब्दुर्रहमान यांनी ती घेतली नाही. त्यांच्यासाठी दुआ केली आणि एवढेच विचारले की, इथला बाजार कुठे आहे? पुढे ते व्यापारात नावारूपाला आले. त्यांनी संपत्ती नाकारली, पण मदत नाकारली नाही. परक्या गावात रस्ता विचारणे ही मदतच असते. तिने स्वाभिमानही राहिला आणि भाऊपणही.

मागण्याला असा मान देणारा माणूस नागपूरच्या शेजारीच, वर्ध्याजवळच्या पवनार आश्रमात राहत होता. विनोबा भावे यांनी कुरआनचा अभ्यास केला होता आणि 'कुराण-सार' हे संकलनही केले. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली गावात भूमिहीन दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमिनीची गरज मांडली. विनोबांनी ती गरज तिथेच गावकऱ्यांपुढे ठेवली आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केले. तिथून भूदान यात्रा सुरू झाली. विनोबा जमीनदाराला सांगत, तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. त्यांनी भीक मागितली नाही. आधी नाते सांगितले, मग हक्काने मागितले. मिळालेल्या लाखो एकरांपैकी बरीच जमीन नापीक निघाली, बरीच वाटलीही गेली नाही. भूदानाचा हिशेब करताना हे विसरता येत नाही. तरीही मागणारा घरचा होऊन आला की देणाऱ्याचे मन वेगळे होते, हे विनोबांनी गावोगाव दाखवून दिले.

मनोविज्ञानही वेगळे सांगत नाही. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, मदत मागणाऱ्याला जितके नकार अपेक्षित असतात, त्याहून पुष्कळ अधिक होकार मिळतात. नकाराची भीती बहुतांशी आपल्याच मनातली असते.

नागपूरने हे अनुभवले आहे. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, रमजान सुरू होता आणि शहर ऑक्सिजनसाठी धडपडत होते. विशाखापट्टणमहून ऑक्सिजन एक्सप्रेस आली. शहरातील वाहतूक व्यावसायिक प्यारे खान यांनी सुमारे ८५ लाख रुपये खर्चून टँकर आणवले आणि ती रमजानची जकात समजून पैसे परत घेतले नाहीत. त्या दिवसांत खाटेसाठी, सिलिंडरसाठी अनोळखी माणसाला फोन लावताना कोणी धर्म पाहत नव्हते. गरजेने संकोच मोडून काढला होता.

याच शहराने १७ मार्च २०२५चा दिवसही पाहिला. तोही रमजानचाच महिना होता. महाल, हंसापुरी भागात दंगल उसळली आणि अनेक पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. संचारबंदीत दुकान बंद, रस्ता बंद. उघडू शकते ते फक्त शेजारचे दार. पण ते ठोठावण्याचे धाडस त्या दिवशी नव्याने येत नाही. ज्या घरातून कधी विरजण आणले नाही, त्या घरात रात्री औषध मागायला पाय वळत नाहीत. आणि ज्याच्याकडून आपण नेहमी काहीबाही मागून आणतो, त्याच्याविषयीच्या अफवेवर विश्वास ठेवणेही कठीण जाते.

म्हणून या रमजानमध्ये ताट पाठवावेच, पण एखादी गोष्ट मागावीही. ईदच्या पाहुण्यांची गाडी लावायला अंगण मागावे, मराठीतला सरकारी अर्ज भरायला मदत मागावी. शेजारच्या कुटुंबानेही मुलीच्या लग्नात पंगत वाढायला मोहल्ल्यातली मुले हक्काने बोलवावीत. मागून आणलेली शिडी परत करायला पुन्हा जावे लागते, आणि तेव्हा दारात दोन शब्द बोलणे होतेच. शेजारधर्म अशाच फेऱ्यांनी टिकतो.