घोड्याला विमा आहे, खोगिरालाही द्या

मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद



मेढ्याहून केळघरचा घाट चढलं की महाबळेश्वर. तिथं वेण्णा तलावावर आणि पलीकडे पाचगणीच्या टेबललँडवर पर्यटकांना घोड्यावर फिरवून अनेक घरांची चूल पेटते. त्यातलंच एक घर आमचं.

घोडा दगावला तर विमा आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर यांचा विमा उतरवता येतो आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने हप्त्यातला मालकाचा वाटा १५ टक्क्यांवर आणला. याबद्दल सरकारचे आभारच मानतो. पण घोडा तबेल्यात धडधाकट आणि खोगीर चोरीला गेलेलं, अशी वेळ आली तर काय करायचं?

नवं खोगीर आणलं की भागलं, असं लांबून वाटतं. जुनं खोगीर त्या घोड्याच्या पाठीला बसलेलं असतं. कुठं भरण दाबलं गेलंय, तंग कितव्या भोकात ओढायचा, हे मालकाच्या हाताला ठाऊक असतं. शेजाऱ्याचं उसनं खोगीर चढवलं तर घोड्याची पाठ सोलते, आणि सोललेल्या पाठीवर पुढे कित्येक दिवस स्वार बसवता येत नाही. म्हणजे ऐन दिवाळीच्या हंगामात घोडा नुसता दाण्याला उभा.

मी विम्याची चौकशी केली. दुकान-गोदामाच्या घरफोडी विम्यात कुलूप तोडल्याची किंवा दार फोडल्याची खूण लागते. आमचं सामान दिवसभर कठड्यावर, झाडाखाली असतं. तिथं फोडायचं काय? छोट्या व्यावसायिकांसाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आली. तिच्यात चोरी आहे, पण आग, पूर अशा आपत्तीमुळे झालेली आणि त्यानंतरच्या सात दिवसांतलीच. रोजच्या भुरट्या चोरीला तिथं जागा नाही.

पुढचा अडसर कागदाचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांनुसार पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र. लगाम, रिकिबी, दुमची, म्होरकी, यातली एकेक वस्तू त्या रकमेच्या आतच बसते. ठाण्यात एनसी नोंदवून पावती मिळते आणि विमा कंपनी मात्र एफआयआर मागते. कायदा बदलणं आपल्या हाती नाही हे समजतं, पण दाव्याला कोणता कागद चालेल हे ठरवणं आपल्या हाती नक्की आहे.

कंपन्यांची अडचण मला दिसते. हप्ता लहान, तपासणीचा खर्च मोठा, वर खोट्या दाव्यांची धास्ती. तरीही रानातल्या विहिरीवरच्या पंपसंचाला चोरीचा विमा मिळतो, आणि बैलगाडी-टांग्यासाठी तर सरकारी कंपन्यांनी जनावर व गाडी दोन्हींची एकत्र पॉलिसी काढली. जनावराबरोबर त्याचं सामानही विम्यात घेता येतं, हे या कंपन्यांना नवीन नाही.

तेव्हा मागणी अशी. घोड्याच्या विम्यालाच सामानाची जोड द्या. खोगिराच्या कातड्यावर आतल्या बाजूला क्रमांक ठोकायचा, त्याचा फोटो पॉलिसीला जोडायचा, भरपाईची रक्कम आधीच ठरवून ठेवायची. दार फोडल्याची अट नको, आणि लहान दाव्याला एनसीची पावती पुरे. एकेकाचा हप्ता परवडत नसेल तर एका ठिकाणच्या सगळ्या घोडेवाल्यांची मिळून गट पॉलिसी काढा. वर्गणी गोळा करायला आम्ही तयार आहोत.

२०४७ पर्यंत सर्वांना विमा, असं आपण जाहीर केलं आहे. आम्हाला एवढं थांबणं जमणार नाही. कंपन्यांना बोलावून या दिवाळीच्या हंगामाआधी एक नमुना पॉलिसी महाबळेश्वर-पाचगणीत चालवून पाहावी. तारीख कळवलीत तर सामानासकट घोडे घेऊन आम्ही हजर राहू.

आपला,
एक घोडेवाला
मेढा, ता. जावळी, जि. सातारा