छंदघर : दोन खोक्यांतून एक गाडी

दोस्तांनो, नवी कोरी मोटार खोक्यातून काढायची आणि तिला सरळ करवत लावायची, असं कुणी सांगितलं तर आई आधी करवत काढून घेईल! पण प्लॅस्टिकच्या छोट्या मोटारी जोडणाऱ्यांमध्ये हा रीतसर छंद आहे. एका किटचा टप, दुसऱ्याचं इंजिन, तिसऱ्याची चाकं घ्यायची आणि कुठल्याही कारखान्यानं कधी न बनवलेली गाडी उभी करायची. याला म्हणतात किटबॅशिंग.

हे वेड मूळचं अमेरिकेतलं. तिथली तरुण मंडळी जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात घेऊन त्यांत दणकट इंजिन बसवायची, टप कापून बुटका करायची. ज्यांचं वय किंवा खिसा तेवढा नव्हता, त्यांच्यासाठी एएमटी या कंपनीनं १९५८ साली 'एकात तीन' किट काढले. त्याच खोक्यातून साधी गाडी करा, सजवलेली करा, नाहीतर शर्यतीची. साहजिकच बरेच भाग उरायचे. मग ते दुसऱ्या गाडीला लावून बघायचा मोह कुणाला आवरणार? मोठी माणसंही हेच करत होती, बरं का! १९६६ सालच्या बॅटमॅन मालिकेतली ती काळी गाडी जॉर्ज बॅरिस यांनी 'लिंकन फ्यूचुरा' या १९५५ सालच्या प्रदर्शनी मोटारीत फेरफार करून बनवली होती.

आता आपली गाडी ठरवू. शेव्हरोलेच्या १९५७ च्या मोटारीचं पुढचं अंग आणि पिकअप ट्रकचा मागचा हौदा. कंपनीनं अशी 'एल कॅमिनो' काढली ती १९५९ साली. म्हणजे आपण तिला दोन वर्षांनी मागे टाकणार!

ग्यानबाची मेख आहे प्रमाणात. अमेरिकन किट बहुधा १:२५ चे, जपानी बहुधा १:२४ चे. फरक किरकोळ वाटतो ना? गणित करा. पाच मीटर लांबीची गाडी पहिल्या प्रमाणात २०० मिलिमीटर होते, दुसऱ्यात २०८. आठ मिलिमीटरचा फरक टपाच्या जोडावर लगेच डोळ्यांत खुपतो. चाकं आणि इंजिन मात्र खपून जातात, कारण खऱ्या दुनियेतही ती लहानमोठी असतातच.

कापण्याआधी सगळे भाग नुसत्या चिकटपट्टीनं जोडून बघा. रेघ शक्यतो दाराच्या फटीवरून न्या, म्हणजे जोड लपतो. बारीक दात्यांची करवत रेघेच्या किंचित बाहेरून चालवा आणि उरलेलं कानशीनं घासा. जास्त घासलं गेलं तर परत येत नाही! टप सहा मिलिमीटर कमी केला, तर खालची चासीही तेवढीच कमी करायची, नाहीतर चाकं मडगार्डाबाहेर डोकावतील.

जोडाला आतून प्लॅस्टिकची पट्टी लावा. या किटचा खास सिमेंट प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवून दोन तुकडे एकजीव करतो, म्हणून रात्रभर हात लावू नका. मग पुट्टी. ती पातळ थरांतच भरायची, कारण जाड थर वाळताना आक्रसतो, तडकतो. नंतर ४०० नंबरचा वॉटर पेपर, मग ६०० चा, पाणी लावून, म्हणजे भुकटी नाकात जात नाही. वर प्रायमर मारा, की आतापर्यंत न दिसलेले सगळे ओरखडे हात वर करून उभे राहतात! पुन्हा पुट्टी, पुन्हा घासणं. हे काम कंटाळवाणं आहे, उगाच खोटं कशाला सांगू?

सिमेंट आणि रंगाचं काम खिडकी उघडी ठेवून करायचं. करवत आणि ब्लेड चालवताना लहानांनी मोठ्यांना शेजारी बसवायचं.

पालक विचारतील, एवढे महाग किट कापून मिळतं काय? त्यांना जनरल मोटर्सच्या 'फिशर बॉडी क्राफ्ट्समन्स गिल्ड'ची गोष्ट सांगा. १९३० ते १९६८ पर्यंत चाललेली ही अमेरिकन मुलांची मॉडेल बनवण्याची स्पर्धा. तिथे किट चालत नसत, सगळं स्वतःच्या हातानं घडवायचं. बक्षीस मिळे शिक्षणासाठी शिष्यवृत्तीचं. (मुलींना प्रवेश नव्हता, हे मात्र मला मुळीच पटत नाही.) १९४७ चा विजेता चक जॉर्डन पुढे त्याच कंपनीत लागला आणि १९८६ साली तिच्या डिझाइन विभागाचा प्रमुख झाला.

तरीही पहिली करवत महागड्या किटवर नकोच. घरातली मोडकी खेळण्यातली मोटार शोधा आणि तिच्यावर कापण्याचा, घासण्याचा हात बसवा. फक्त तिचं प्लॅस्टिक मऊ, मेणचट लागलं तर सिमेंट त्याला धरणार नाही. तेव्हा अशा गाडीचे तुकडे आतून पट्टी देऊन बारीक स्क्रूनं बसवा.