नेम अचूक, तरी रक्तस्राव

प्लेटलेटच्या एकाच रिसेप्टरवर जितकी अचूक बसेल, तितकी रक्त पातळ करणारी गोळी निर्धोक, हा समज आता डॉक्टरांकडून रुग्णांपर्यंत पोचला आहे. तो चुकीचा आहे, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतात.

या मतामागचा तर्क पोकळ नाही. प्लेटलेटला चेतवणारे मार्ग अनेक आहेत: एडीपी, थ्रॉम्बिन, कोलॅजन, थ्रॉम्बॉक्सेन. त्यांतला एकच बंद केला तर उरलेल्या मार्गांनी जखमेचं रक्त थांबेल, अशी अपेक्षा. व्होरापॅक्सर हे औषध याच अपेक्षेतून आलं. ते थ्रॉम्बिनचा पीएआर-१ हा रिसेप्टर तेवढा अडवतं; थ्रॉम्बिनकडून फायब्रिन बनणं चालूच राहतं. कागदावर याहून निवडक औषध सुचवणं कठीण. पण १२,९४४ रुग्णांच्या ‘ट्रेसर’ चाचणीत मेंदूतला रक्तस्राव ०.२ टक्क्यांवरून १.१ टक्क्यांवर गेला आणि चाचणी मुदतीआधीच आवरती घ्यावी लागली.

एका औषधावरून निष्कर्ष काढू नये, असं कोणी म्हणेल. मग क्लोपिडोग्रेल आणि प्रासुग्रेल शेजारी ठेवा. दोन्ही शरीरात गेल्यावर सक्रिय होतात, दोन्ही एडीपीच्या पी२वाय१२ या एकाच रिसेप्टरला कायमचे चिकटतात. फरक एवढाच की प्रासुग्रेलचा सक्रिय अंश जास्त आणि भरवशाने तयार होतो. २००७च्या ‘ट्रायटन’ चाचणीत त्याने हृदयविकाराचे झटके कमी केले, आणि मोठा रक्तस्राव १.८ वरून २.४ टक्क्यांवर नेला. रिसेप्टर तोच, मग वाढ कशाने? किती प्लेटलेट गप्प झाल्या, याने.

उलट बाजू टिकाग्रेलोरची. ते पी२वाय१२ सोबत पेशींत अ‍ॅडेनोसिन ओढून घेणारी यंत्रणाही अडवतं, म्हणजे निवडकपणात उणं. ‘प्लेटो’ चाचणीत एकूण मृत्यू मात्र क्लोपिडोग्रेलच्या ५.९ टक्क्यांच्या तुलनेत त्याच्या गटात ४.५ टक्के होते. श्रेय अ‍ॅडेनोसिनचंच, हे सिद्ध झालेलं नाही; पण निवडकपणा कमी म्हणजे औषध हलकं, हे विधान इथे मोडतं.

खरी अडचण रिसेप्टरच्या जागेची आहे. हृदयाच्या धमनीत गुठळी करणाऱ्या प्लेटलेटवर जो पी२वाय१२ असतो, तोच जठरातला अल्सर बुजवणाऱ्या प्लेटलेटवरही असतो. औषधाला रेणू ओळखता येतो, प्रसंग ओळखता येत नाही. म्हणून निवड करायची ती माणसाची आणि मुदतीची. पूर्वी पक्षाघात झालेल्याला प्रासुग्रेल देत नाहीत. पंचाहत्तरीपुढच्या किंवा साठ किलोंहून कमी वजनाच्या रुग्णाला देताना जपावं लागतं. क्लोपिडोग्रेल सक्रिय करणारं यकृतातलं सीवायपी२सी१९ हे एन्झाइम मंद असण्याचं प्रमाण भारतीयांत बरंच आहे, तेव्हा आपल्याकडे हा विचार अधिकच लागतो.

२०१९च्या ‘ट्वायलाइट’ चाचणीत कुठलाही नवा रिसेप्टर नव्हता. स्टेंटनंतर तीन महिने टिकाग्रेलोर आणि अ‍ॅस्पिरिन ही दोन्ही औषधं सोसलेल्या रुग्णांचं अ‍ॅस्पिरिन थांबवून टिकाग्रेलोर एकटंच चालू ठेवलं. पुढच्या वर्षभरात रक्तस्राव ७.१ ऐवजी ४ टक्के झाला आणि झटके वाढले नाहीत. दोन गोळ्यांतली कोणती, केव्हा थांबवायची, हे स्टेंटच्या दिवशीच चिठ्ठीवर लिहून द्यायला हवं. त्या तारखेआधी रुग्णाने मनाने गोळी सोडली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, हेही त्याच चिठ्ठीवर असावं.