राजाचा मारेकरीच आघाडीवर!

'मेटाफर: रीफँटाझियो' सुरू केला आणि सुरुवातीलाच राजाचा खून. पुढे त्याच राजाचा भलामोठा दगडी चेहरा आकाशात चढतो आणि जाहीर करतो, जनतेला जो सर्वाधिक हवा, तोच पुढचा राजा. मतपेटी नाही, बोटाला शाई नाही. लोकांच्या मनातलं जादू थेट मोजते. आणि आघाडीवर कोण? खुनी लुई! देखणा, रोखठोक. भेदरलेल्या लोकांना तोच तारणहार वाटतो. हा जपानी गेम ऑक्टोबर २०२४ मध्ये आला, अमेरिकेतल्या निवडणुकीच्या तोंडावर. योगायोग म्हणू या.

आपला हिरो एल्डा जमातीचा. रस्त्याने नुसतं चाललं तरी लोक नाकं मुरडतात. त्याच्याजवळ एक कादंबरी आहे. उंच इमारतींच्या, सगळे समान असलेल्या जगाची. म्हणजे, आपलंच जग की हे! आधी हसू आलं, मग जरा ओशाळल्यासारखं झालं. इमारती आहेत हो आपल्याकडे, पण पुढचं?

दिग्दर्शक कात्सुरा हाशिनो 'पर्सोना ५'वाले, त्यामुळे कॅलेंडर आलंच. दिवस मोजके; आज लढायचं की मित्राला वेळ द्यायचा, ठरवा. किरकोळ शत्रू जागीच चोपता येतात, तगड्यांशी आळीपाळीने डाव. लढाईच्या संगीतात एक बौद्ध भिक्खू एस्पेरांतो भाषेत मंत्रासारखं गातो, काटाच येतो अंगावर. तक्रार एकच, सुरुवातीला पात्रं बोलतच सुटतात.

दहाएक तास झालेत. लोकप्रियतेच्या यादीत आम्ही अजून तळाकडे. लुई मात्र ढिम्म हलत नाही.