दोन दिवसांचें मार्सेलिस

शुक्रवारीं सायंकाळीं घर सोडावें, रविवारीं रात्रीं परतावें आणि सोमवारीं कचेरींत वेळेवर हजर व्हावें, अशी सहलीची रीत युरोपांत आतां चांगलीच रुजली आहे. फ्रान्समध्यें २००१ सालीं वेगवान आगगाडीचा नवा मार्ग पुरा झाला, तेव्हांपासून पॅरिसचा रहिवासी सुमारें तीन तासांत भूमध्यसमुद्राच्या कांठीं मार्सेलिसला पोंचतो. या घाईच्या सहलीला नाकें मुरडणारे पुष्कळ आहेत; दोन दिवसांत शहर काय कळणार, असा त्यांचा प्रश्न. प्रस्तुत लेखकाचें मत निराळें आहे. सहल बिघडते ती दिवस थोडे म्हणून नव्हे, तर त्यांत कोंबलेलीं स्थळें फार म्हणून.

सामान्य प्रवाशाचा क्रम ठरलेला असतो. टेकडीवरील नोत्र-दाम द ला गार्द हें प्रार्थनामंदिर, बेटावरील शातो दीफ, २०१३ सालीं उघडलेलें मोठें संग्रहालय, आणि दुसरे दिवशीं शहराबाहेरील चुनखडीच्या कड्यांमधल्या चिंचोळ्या खाड्या. शातो दीफ हा सोळाव्या शतकांतील खराखुरा किल्ला. परंतु लोक तेथें धांवतात ते द्यूमाच्या कादंबरींतील, कधीं जन्मासच न आलेल्या कैद्याची कोठडी पाहावयास!

त्यापेक्षां एक सबंध दिवस जुन्या बंदराला द्यावा. इसवी सनापूर्वीं सुमारें ६०० च्या सुमारास ग्रीक दर्यावर्दी याच आखातांत उतरले, व शहर त्याच्याभोंवतीं वाढलें. बंदरापासून निघणाऱ्या कानबिएर या हमरस्त्याचें नांवच मुळीं तागासारख्या भांग नामक झाडावरून पडलें. जहाजांचे दोर त्याच्याच वाखाचे वळीत. सकाळीं धक्क्यावर कोळी मासळी मांडतात. न खपणाऱ्या कांटेरी मासळीचें कालवण ते पूर्वीं घरीं करीत. आज तेंच बुयाबेस या नांवानें खानावळींत भारी किंमतीला मिळतें.

दुपारीं उत्तरेच्या कांठाकडे नीट पाहावें. तेथें सारख्या धाटणीच्या, कांहींशा रुक्ष दगडी इमारतींची रांग आहे. इतक्या पुरातन शहरांत असलीं घरें कां, म्हणून घाईचा प्रवासी तोंड फिरवतो, आणि उत्तरासाठीं थांबत नाहीं. १९४३ सालच्या जानेवारींत जर्मनांनीं, फ्रेंच पोलिसांच्या साहाय्यानें, या गरीब वस्तींतील सुमारें २०,००० माणसें घराबाहेर काढलीं. मग सुरुंग लावून सुमारें १,५०० इमारती उडविल्या. शहरभर पडलेल्या त्याच धाडींत पकडलेल्या शेंकडों ज्यूंची रवानगी मृत्यूच्या छावण्यांत झाली. सतराव्या शतकांतील नगरभवन व अशाच मोजक्या वास्तू तेवढ्या उरल्या. त्या रुक्ष भिंतींपुढें अर्धा तास उभें राहणें हें माझ्या मतें टेकडीवरून दिसणाऱ्या देखाव्याहून मोलाचें आहे.

मराठी वाचकास हें बंदर परकें नाहीं. ८ जुलै १९१० रोजीं 'मोरिया' बोटीच्या गवाक्षांतून सावरकरांनीं येथेंच उडी घेतली, पोहत धक्का गांठला, आणि फ्रेंच पोलिसानें पकडून त्यांना पुन्हां इंग्रजांच्या हवालीं केलें. १९११ सालीं हेगच्या लवादानें निकाल इंग्लंडच्या बाजूनें दिला. आपल्याकडील प्रवासी उडीची नेमकी जागा विचारतो, छायाचित्र घेतो व निघतो. आश्रयाला आलेल्या माणसाला परक्या सत्तेच्या स्वाधीन करावें काय, हा त्या दिवसाचा खरा प्रश्न. तो या शहरापुढें १९४३ सालीं पुन्हां, फार भयंकर रूपानें, उभा राहिला. दोन्ही गोष्टी एकाच दुपारीं आठवणारा प्रवासी विरळा.

खर्च करून इतक्या दूर जावें आणि एकच बंदर पाहावें काय, असा आक्षेप येईल. त्यावर खाड्यांचेंच उदाहरण घ्यावें. २०१२ सालीं तेथें राष्ट्रीय उद्यान झालें, तरी सुजितों या लहानशा खाडींत उन्हाळ्याच्या एकेका दिवशीं २,५०० पर्यंत माणसें लोटूं लागलीं. पायांखालीं माती सुटली, झाडांचीं मुळें उघडीं पडलीं. अखेर २०२२ सालीं, आगाऊ नोंदणी केलेल्या ४०० जणांनाच दिवसाकाठीं सोडण्याचा नियम करावा लागला. नियम योग्यच, माझी तक्रार इतकीच कीं, यादी पुरी करण्यासाठीं आलेल्यांपैकीं निम्मे जरी बंदराच्या कांठीं बसून राहते, तरी त्याची वेळ कदाचित् आली नसती. रविवारीं सकाळीं खाडीचें तिकीट न मिळाल्यास हळहळूं नये. मासळीवाले तोंपर्यंत धक्क्यावर आलेले असतात.